"हे चर्च हाय का डीजे?" : बँडच्या गाण्यावर टीका झाली तर हसून उत्तर कसं द्यायचं

सोयाबीन घरात आलं, कापसाची वेचणी लागली की आमच्याकडं अचलपूर-परतवाड्याच्या बाजूनं चर्चच्या तरुण संघाच्या पोट्ट्यांची नाताळाची प्रॅक्टिस सुरू होते. आता बहुतेक मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या लोकांमध्ये, एक छोटा बँड झालाच आहे, एक गिटार, एक कीबोर्ड, कुठून तरी जुळवलेला ड्रम सेट, दोन पोरी गायला आणि एक पोरगा मिक्सरवर. गाणी मराठी, चाल पॉपची, मधून मधून रॉक. आणि गाणी सुरू झाली की आठ दिवसात कोणीतरी काकाजी गेटवर थांबून म्हणतातच, "काऊन बे पोट्टेहो, हे चर्च हाय का डीजे?"

मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कोणी तोंड पाडून गिटार पेटीत टाकतो, कोणी तरातरा बोलून बसतो आणि मग त्या घरातले लोक तीन महिने उपासनेला येत नाहीत. मी तरुण संघाचं काम पाहतो आणि मला मनापासून वाटतं की दोन्हीची गरज नाही, कारण हसून उत्तर देता येतं आणि ते शिकता येतं, जसे कॉर्ड शिकतो तसं बसून शिकता येतं. म्हणून हे सगळं लिहून काढतोय. उत्तर चांगलं झालं की नाही याची माझी खूण एकच आहे, टीका करणारे काकाजी पुढच्या रविवारी आले पाहिजेत आणि शक्यतो पुढच्या बाकावर बसले पाहिजेत. लोक टाळ्या वाजवून हसले पण काकाजी आले नाहीत तर ते उत्तर फसलं.

आता पहिलं काम, आणि हे कोणी करत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. उत्तर सुचायच्या आधी टीकेत खरं किती आहे ते काढा. हसण्याचा हक्क त्यानंतर मिळतो. बऱ्याच वेळा काकाजी "डीजे" म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की मला शब्द ऐकू आले नाहीत, आणि ते शंभर टक्के खरं असतं. आपली बरीच चर्च लहान, वर टिनाचं छप्पर, भिंतींना प्लास्टर आणि रंग, खाली फरशी, कुठंच कापड नाही, म्हणजे आवाज घुमत राहतो. त्यात ड्रमच्या झांजा म्हणजे सिंबल्स वाजले की त्यांचा आवाज बारीक आणि तीक्ष्ण असतो आणि स, श, त, ट, क ही अक्षरंही कानाला त्याच बारीक पट्ट्यात ऐकू येतात, आणि वय झालं की माणसाचा नेमका बारीक आवाजाचाच कान आधी कमी होतो. म्हणजे साठीच्या पुढच्या माणसाला तुमच्या गाण्यात नुसतं "आ... ओ... आ" आणि खणखणाट ऐकू येतो. अशा माणसाला तुम्ही जोक सांगणार?

म्हणून आधी हे करा. ड्रमच्या खाली सतरंजी टाका, मागच्या भिंतीला जाड पडदा किंवा गोधड्या बांधा, दिसायला साध्या दिसतात पण काम करतात. सिंबल्सवर काठी हळू मारायची सवय ड्रमरला लावा, नाही जमत तर लहान जागेत सरळ कॅहॉन वापरा, तो लाकडी डबा ज्यावर बसून हातानं वाजवतात, सुतार असेल गावात तर त्याच्याकडून बनवून घेता येतो. स्पीकर जमिनीवर ठेवू नका, स्टँडवर किंवा टेबलावर उंच ठेवा म्हणजे पहिल्या रांगेच्या कानठळ्या बसत नाहीत आणि शेवटच्या रांगेलाही पोचतं. मिक्सरवर गायकाचा आवाज वर आणि बाकी सगळं त्याच्या खाली. आणि पट्टी उतरवा बापा! गाणाऱ्या पोट्ट्याचा गळा वर जातो म्हणून गाणं वर ठेवलं तर मंडळी गप्प बसते, मग लोक म्हणतात "यांचंच गाणं हाय, आमचं नाही", आणि खरंच म्हणतात. शब्द मोठ्या अक्षरात छापून वाटा, प्रोजेक्टर असेल तर उत्तम, पण लाईन गेली तर कागदच कामी येतो.

एवढं केल्यावर अर्धी टीका आपोआप संपते. उरलेल्या अर्ध्यासाठी हसू.

आणखी एक टीका वेगळी काढून ठेवा. कोणी म्हणालं की "स्टेजवर लय गाता, पण घरी बापाले वावरात मदत नाही करत," तर तिथं एकही विनोद करू नका. बायबलमधल्या आमोसच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात, खुद्द परमेश्वर म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, आणि पुढच्या मागच्या ओळी वाचल्या तर कळतं की अडचण चालीची नव्हतीच, बाहेर गरिबाला लुबाडून आत वीणा वाजवत होते ही अडचण होती. ही टीका आली की खाली मान घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी वेचणीला जायचं, हेच उत्तर.

आता उत्तराचा माल कुठून आणायचा. माझ्या अनुभवात जो पोरगा बायबल नीट वाचतो आणि ज्याला संगीताचा थोडा इतिहास माहीत आहे त्यालाच हजरजबाबी बोलता येतं, बाकीचे नुसते उर्मट होतात. म्हणून बँडच्या प्रॅक्टिसमध्ये अर्धा तास यासाठी ठेवा, या गोष्टी सगळ्यांना पाठ पाहिजेत.

पेटी, म्हणजे हार्मोनियम. गिटारला "परदेशी" म्हणणारे सगळे पेटीला आपली मानतात. पेटी पॅरिसची, १८४० च्या दशकात तिथं अलेक्झांडर डेबेन नावाच्या कारागिरानं तिचं पेटंट घेतलं, नंतर कलकत्त्याला तिला हाताच्या भात्याची, जमिनीवर बसून वाजवता येईल अशी केली. आणि ती आपली झाली तरी तिच्यावरही टीका झालीच, ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, कारण आपल्या संगीतातले बारीक सूर, मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तिच्यावर निघत नाही, आणि ती बंदी ढिली व्हायला १९७१ उजाडलं. इतकी वर्षं पेटीनं ऐकून घेतलं! गिटारच्या पोरांना हे कळलं की त्यांचा अर्धा राग तिथंच उतरतो.

दुसरं, नागपूर. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे ते. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, आणि त्या चर्चमध्ये तेव्हा उपासनेत कुठलंच वाद्य चालत नव्हतं, नुसती स्तोत्रं, नुसत्या गळ्यानं. ऑर्गनला स्कॉटलंडचे लोक "शिट्ट्यांची पेटी" म्हणून चिडवायचे आणि तो आत घ्यायचा की नाही यावर तिकडं अनेक वर्षं भांडणं चालली, १८८० च्या दशकात जाऊन फ्री चर्चनं परवानगी दिली. म्हणजे आज जो ऑर्गन सगळ्यात पवित्र वाद्य वाटतो तोही एकेकाळी गेटच्या बाहेर उभा होता.

तिसरं, रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात त्यांची गाणी आहेत, आणि जुनी गाणी म्हटलं की काकाजींच्या तोंडी तीच येतात. टिळक काही काळ नागपूरलाही राहिले होते, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्ये वारले. म्हणजे ही भजनं त्यांच्या काळात नवी कोरी होती, आणि इंग्रजी चालीवर भाषांतरं गाणाऱ्या मंडळीला त्यांनी ओवी, अभंग, कीर्तन दिलं, जी चाल लोकांच्या कानात आधीपासून होती ती घेतली. मला टिळकांबद्दल फार आदर आहे आणि म्हणूनच सांगतो, आपल्या बँडनं त्यांची गाणी सोडायची नाहीत. त्यांनी जे केलं तेच आपण आजच्या पोरांच्या कानासाठी करतोय.

चौथं, अमेरिकेचे रॉकवाले, कारण ही टीका त्यांनीही खाल्ली. लॅरी नॉर्मन म्हणून होता, लांब केसांचा, १९६९ मध्ये त्याचा येशूवरच्या रॉक गाण्यांचा अल्बम आला, आणि पुष्कळ पाळक म्हणायचे की हे सैतानाचं संगीत आहे. त्यानं भांडण केलं नाही, १९७२ मध्ये एक रॉक गाणंच केलं ज्याचा प्रश्न असा की चांगलं संगीत सगळं सैतानाकडंच का राहू द्यायचं. एका ओळीत उत्तर झालं, आणि ते गाण्यातच झालं. ऐंशीच्या दशकात स्ट्रायपर नावाचा हेवी मेटल बँड होता, पिवळे-काळे पट्टे असलेले कपडे, स्टेजवरून लोकांमध्ये नवा करार फेकायचे, आणि त्यांच्या १९८६ च्या अल्बमचं नावच सैतानाला नरकात धाडणारं होतं, म्हणजे हे कोणाच्या बाजूचे हा प्रश्न विचारायला जागाच ठेवली नाही. पट्टे आपल्याला नको, पण गाण्यावरच्या टीकेला गाण्यातूनच उत्तर ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आणि आपल्या मातीतला माल तर सगळ्यात भारी. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातलेच, त्यांचं कीर्तन वऱ्हाडीत, ते लोकांना साधे साधे प्रश्न विचारायचे आणि लोकच उत्तर द्यायचे आणि हसता हसता स्वतःच अडकायचे. तुकडोजी महाराज मोझरीचे, हातात खंजिरी, पूर्ण मैदान गायला लागायचं. विदर्भात खडी गंमत हा लोकनाट्याचा प्रकार आहे, कलगी-तुऱ्याचे शाहीर आहेत, एकानं सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं त्याच चालीत जवाब द्यायचा. हसून उत्तर देणं हे आपल्याकडं पिढ्यानपिढ्या चाललंय, त्यासाठी अमेरिकेत जायची गरजच नाही, लॅरी नॉर्मनही एका अर्थानं जवाबच देत होता.

आता प्रत्यक्ष उत्तर कसं बनवायचं. माझी पद्धत अशी की आधी मान्य करा, मग हसवा, आणि शेवटी समोरच्याला मान द्या. तिन्ही दोन वाक्यांत बसलं पाहिजे. लांबलं की भाषण होतं. आणि विनोद वस्तूवर पडू द्या, ड्रमवर, गिटारवर, वायरवर, लाईटवर, माणसावर कधीच नको, ना त्याच्या वयावर, ना कानावर, ना गळ्यावर. भाषा वऱ्हाडी ठेवा, पुस्तकी मराठीतला विनोद आमच्याकडं टोमणा वाटतो.

काही उत्तरं देतो, जशीच्या तशी वापरा किंवा आपल्या गावाप्रमाणं बदला.

काकाजी म्हणाले, "हे देवाचं घर हाय का लग्नाचा मांडव?" तर म्हणा, "काकाजी, प्रभूनं पयला चमत्कार लग्नाच्या मांडवातच केला ना! पण तुमी म्हणता तं आवाज कमी करतो, तुमी मागं बसून सांगा किती पाहिजे." काना गावचं लग्न, योहान दुसरा अध्याय, सगळ्यांना माहीत असतं म्हणून लगेच हसू येतं, आणि दुसऱ्या वाक्यानं काकाजी साऊंड चेकवाले होऊन जातात. हे माझं सगळ्यात आवडतं उत्तर आहे.

"आवाज लय मोठा" असं आलं तर, "खरं हाय काकाजी, यरीहोची भिंत अशाच आवाजानं पडली, आणि आपल्या चर्चची भिंत आताच रंगवली हाय, कमी केलाच पाहिजे." आणि खरंच कमी करा, तिथंच, त्यांच्यासमोर बटण फिरवा. बटण न फिरवता हा जोक मारला तर तो अपमान आहे.

"एकच ओळ किती वेळा म्हणता रे?" ही टीका आज्यांची असते आणि पॉप गाण्यांसाठी ती रास्तही असते. उत्तर, "आजी, स्तोत्र १३६ मंधी एकच ओळ सव्वीस वेळा हाय, आमी तं आठवरच थांबलो." आजी बायबल उघडून मोजतात. मोजू द्या. सव्वीसच आहेत, प्रत्येक वचनाच्या शेवटी. पण घरी येऊन बँडनं विचार करावा की त्या स्तोत्रात दर वेळी पुढची नवी गोष्ट येते, निर्मिती, मिसरातून सुटका, रान, आणि मग तीच ओळ. तुमच्या गाण्यात आठ वेळा म्हणताना मध्ये काहीच नवीन येत नसेल तर आजीचं ऐका आणि एक कडवं लिहा.

"पेटी-ढोलकी सोडून हे गिटार कायले?" याला, "काकाजी, दोघंबी तिकडूनच आले, पेटी पयल्या गाडीनं आली, गिटारची गाडी लेट झाली." आणि पुढच्या गाण्याला पेटी आणि ढोलकी सोबत घ्या. पेटीवाले काका मंडळीत असतातच, त्यांना बोलवा, त्यांच्या हाताखाली कीबोर्डवाल्या पोराला बसवा. हा खरं म्हणजे विनोदापेक्षा मोठा उपाय आहे, आणि गाणंही चांगलं होतं, गिटारच्या ठेक्यावर ढोलकी काय बसते ते एकदा ऐकाच.

"नाचता कायले?" असं मामाजींनी विचारलं तर, "मामाजी, दावीद राजा कोशापुढं जीव तोडून नाचला, आमी तं नुसते पाय हलवून राहिलो." २ शमुवेल सहावा अध्याय, कोश म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी. इथं एक काळजी घ्या, त्याच गोष्टीत दाविदाची बायको मीखल हिनं खिडकीतून पाहून दाविदाला टोचून बोललं होतं आणि दाविदानं तिला म्हटलं की मी याहून हलका होईन, आणि पोरांना वाटतं की हे तर टीकेला दिलेलं तयार उत्तर आहे. पण त्या अध्यायाची शेवटची ओळ मीखलला मूल झालं नाही अशी आहे. मंडळीत ज्या बाईला मूल नाही ती हे ऐकत असते. मीखलचं नाव घेऊन कोणालाही उत्तर देऊ नका.

तसंच युतुख. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय, पौल बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला पोरगा झोपून तिसऱ्या मजल्यावरून पडला. "आमच्या गाण्यात तरी कोणी झोपत नाही" असं म्हणायचा मोह होतो, लोक हसतातही खूप, पण त्यात पास्टरसाहेब विनाकारण मारले जातात. टीका करणारा एक, उत्तर देणारा एक, तिसऱ्याला आत ओढायचं नाही.

उत्तर कोणी द्यायचं हेही ठरवा. सगळे एकदम बोलले की तो घेराव होतो. बँडमध्ये जो त्या काकाजींच्या नात्यातला, शेजारचा किंवा त्यांच्या हाताखाली संडे स्कूल शिकलेला असेल त्यानं बोलावं. नसेल तर सगळ्यात शांत आवाजाची पोरगी किंवा पोरगा. गिटारवाल्यानं तर शक्यतो बोलूच नये, कारण वार त्याच्यावरच असतो आणि त्याचा आवाज चढतो. आणि समोर बोला, चहा पाजत बोला. व्हॉट्सॲप ग्रुपवर टीका आली तर तिथं फक्त "काकाजी, संध्याकाळी घरी येतो" एवढंच लिहा, कारण लिहिलेल्या विनोदाला चेहरा नसतो, हसताय की चिडलाय हे कळत नाही, आणि ग्रुपवर माणूस सगळ्यांसमोर असतो म्हणून त्याला माघार घेता येत नाही. बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रात बोलणं मिठानं रुचकर असावं असं लिहिलंय. मीठ भाजीत विरघळून जातं, दाताखाली आलं तर जास्त झालं.

आता मोठा प्रकार, म्हणजे नाताळाच्या किंवा हंगामाच्या (पिकाच्या) सणाच्या कार्यक्रमात स्टेजवर सवाल-जवाब करणं. वर्षभर जी टीका झाली ती सगळी गोळा करायची आणि तीच गाण्यात घालायची. यानं पूर्ण गाव हसतं आणि मनातली गाठ सुटते, मी हे होताना पाहिलंय म्हणून इतक्या जोरानं सांगतोय.

पद्धत अशी. आधी पास्टोरेट कमिटीला, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांना, आणि पास्टरसाहेबांना पूर्ण लिखाण वाचून दाखवा, शब्द न् शब्द. मग ज्यांनी जास्तीत जास्त टीका केली त्या काकाजींच्याच घरी जा आणि त्यांना विनंती करा की सवाल तुम्हीच टाका. ऐकायला अवघड वाटतं पण बहुतेक जुन्या लोकांना गाण्याची, कीर्तनाची हौस असते आणि त्यांचा आवाज आपल्यापेक्षा खणखणीत असतो. ते हो म्हणाले तर अर्धं काम झालं. नाही म्हणाले तर त्यांची नक्कल करायला दुसऱ्या कोणाला उभं करायचं नाही, त्यांचं धोतर, त्यांची काठी, त्यांचं खोकणं काही नाही. मग सवाल बँडमधल्यानंच साध्या आवाजात टाकायचा.

लिहिताना दोन ओळींचा सवाल, दोन ओळींचा जवाब, चाल एकच. जवाबाची सुरुवात सवालाच्याच शब्दांनी झाली पाहिजे, त्यात मजा आहे. नमुना म्हणून एक बांधलंय:

सवाल:
ढोल बडवता, तारा छेडता, अंगण सारं हाललं,
सांगा पोट्टेहो देवाच्या घरी वाजंत्र कोणतं चाललं?

जवाब:
झांजा बडवा, वीणा छेडा, स्तोत्रामंधी लिवलं,
दीडशे नंबर स्तोत्र काकाजी, तुमीच आमाले शिकवलं!

शेवटची ओळ पहा. टीकेचं उत्तर बायबलमधून आलं, पण श्रेय काकाजींना गेलं. स्तोत्र १५० मध्ये कर्णा, वीणा, डफ, तंतुवाद्यं, बासरी, मोठ्यानं वाजणाऱ्या झांजा सगळं आहे, पूर्ण बँडच आहे, आणि ते आपल्याला संडे स्कूलमध्ये याच लोकांनी पाठ करून घेतलं होतं. प्रत्येक जवाबाच्या शेवटी असंच एक खरं श्रेय शोधा. खोटी स्तुती लगेच कळते, म्हणून शोधायला वेळ द्या, काकाजींनी चर्चचं छप्पर बसवताना पत्रे उचलले असतील, आजींनी पहिल्या गिटारसाठी पैसे दिले असतील. अशा गोष्टी गावात विचारल्या की मिळतात.

तीन-चार जोड्या पुरे, पाच मिनिटांच्या वर नको. ठेका ढोलकीचा ठेवा, डफ असेल तर फारच छान, आणि शेवटचा जवाब झाला की हात न थांबवता सरळ जुन्या एखाद्या भजनावर या, टिळकांचं घ्या, पहिलं कडवं पेटी-ढोलकीवर, दुसऱ्यापासून गिटार आणि ड्रम हळूच आत. काकाजी स्टेजवरच असतात, ते गातातच.

हसण्याची जागा नाही अशा गोष्टीही सांगतो, कारण इथं चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. नीतिसूत्रे २६ मध्ये लागोपाठ दोन वचनं आहेत, चौथं म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको, पाचवं म्हणतं दे. मी याचा अर्थ असा घेतो की वेळ आणि माणूस पाहून ठरवायचं. आणि त्याच अध्यायात १८ आणि १९ व्या वचनात, जो शेजाऱ्याला फसवून मग म्हणतो "मी गंमत करत होतो" तो आगीचे बाण फेकणाऱ्या वेड्यासारखा आहे. बँडच्या रूममध्ये हे वचन लिहून लावा.

कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, मयत झाली आहे, लेकराची दहावी-बारावी आहे आणि तो म्हणतो आवाज बंद करा, तर माफी मागून बंद करा. गाणाऱ्या पोरींच्या कपड्यांवर, त्यांच्या स्टेजवर उभं राहण्यावर कोणी बोललं तर तिथं पोरींना हसून घ्यायला लावू नका. ते मोठ्यांनी, पास्टरसाहेबांनी किंवा महिला मंडळाच्या बाईंनी सरळ शब्दांत थांबवायचं काम आहे. जातीवरून कोणी बोललं तर तेच. पोरींनी आणि नव्या घरच्या पोरांनी बँडमध्ये टिकावं हे मला कुठल्याही हजरजबाबीपणापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि गावातल्या इतर लोकांची तक्रार आली, की हे लोक रात्री काय वाजवतात, काय चाललंय यांचं, तर तिथं अजिबात विनोद नको. सरपंचांना आणि पोलीस पाटलांना आधीच जाऊन भेटा, कार्यक्रमाचं निमंत्रण द्या, लाऊडस्पीकरची परवानगी लेखी घ्या आणि तो कागद मिक्सरजवळ ठेवा. नियम साधा आहे, ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस रात्री १२ पर्यंत सूट मिळू शकते, त्यात नाताळ धरला आहे का ते त्या वर्षीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या यादीत पाहून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र घोषित असू शकतं. मोबाईलवरचं डेसिबलचं ॲप अगदी अचूक नसतं, पण अंदाज देतं, एका पोराला रस्त्यावर उभं करून पाहायला लावा.

शुभ शुक्रवारी आणि त्याच्या आदल्या आठवड्यात सवाल-जवाब, हसणं, ड्रम सगळं बाजूला. त्या दिवशी कोणी टोकलं तर फक्त "जय ख्रिस्त काकाजी" म्हणा आणि बोलणं पुनरुत्थानाच्या रविवारनंतर ठेवा.

कार्यक्रमाचा व्हिडिओ कोणीतरी काढणारच. सवाल टाकणाऱ्या काकाजींना तो आधी दाखवा, त्यांच्या घरी, त्यांच्या लेकरांसोबत बसून, आणि ते हो म्हणाले तरच पुढं पाठवा. फक्त हसण्याचा तुकडा कापून पाठवू नका, भजनापर्यंत पूर्ण पाठवा. नाही म्हणाले तर सगळ्यांच्या मोबाईलमधून काढून टाका आणि पुढच्या वर्षीच्या सवालासाठी त्यांच्याकडं वहीपेन ठेवून या.